ओवाळणीतली लेबर रूम

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण पहिला नंबर द्यायचा तर या एकाच गोष्टीला द्यावा लागेल: ज्यांच्या दवाखान्यात मी नोकरी करत होते, त्या डॉक्टरांना मी भाऊबीजेला ओवाळलं. नुसतं ओवाळून थांबले असते तरी निभावलं असतं. त्यांनी ताटात नोट न टाकता शब्द टाकला आणि मी तो पदरात बांधून घरी आणला.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील. गाव बारामती. मी नुकतीच तिशी ओलांडलेली. पुण्याच्या सरकारी इस्पितळात तीन वर्षं नर्सिंग शिकून आलेली, बाळंतपणाला हात चांगला, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी आणि टोपीखाली अक्कल बेताची. माहेर कन्हेरीचं, म्हणजे हाकेच्या अंतरावर. सख्खा भाऊ तिथं दुपारपासून पाट मांडून बसला होता आणि ही बया इथं ड्यूटीवर, डॉक्टरांच्या कपाळाला कुंकू लावत होती. का, तर सकाळचा राउंड झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "ताई, मला बहीण नाही. तुम्ही आमच्या घरच्याच."

डॉक्टरांच्या बायकोनं, त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो, निरांजनाचं ताट आणलं. साक्षीला कंपाउंडर. प्लास्टरातला पाय टांगलेला एक पेशंटही मान उंच करून बघत होता. ओवाळून झालं, तसे डॉक्टर खिशाकडं हात न नेता म्हणाले, "यंदा ओवाळणी मोठी आहे, ताई. इंदापूरला नवा दवाखाना बांधतोय. तिथली लेबर रूम तुमची. इनचार्ज तुम्ही. हाताखाली दोन नर्स, वरच्या मजल्यावर राहायला खोली. मांडणी तुम्ही म्हणाल तशी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आज आठवलं की त्या रडव्या बयेच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

कारण त्याच वेळी माझ्या पर्समध्ये सरकारी मुलाखतीचं पत्र होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातली कायमची जागा, मुलाखत पुढच्याच आठवड्यात पुण्याला. मी गेले नाही. नवरा वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर, बोलणं मोजकं. त्यानं एवढंच विचारलं, "का गं?" मी म्हटलं, "सरकारी नोकरीत बदल्या फार. आणि इथं डॉक्टरांनी शब्द दिलाय."

तो डबा उचलून पाळीवर गेला. सासूबाई कशाला गप्प बसतील? "शबुद व्हय? माज्या भावानं मला दर वर्साला खण तरी दिला. तुजा भाऊ लईच म्होटा माणूस. त्येला वारं वाटून भागतंय."

अडाणी बाई, यांना काय कळतं, असं मी मनात म्हटलं. माझ्याकडं डिप्लोमा होता ना!

घरचं माणूस असण्याचे फायदे मला लगोलग मिळायला लागले. दिवाळीत वहिनींच्या स्वयंपाकघरात चकल्या पाडायला घरचं माणूस. त्यांच्या भावाच्या लग्नात मांडवाच्या कडेला बसून पाहुण्यांचं बीपी बघायला घरचं माणूस. मला वाटायचं, हे सगळं वहिनींचंच डोकं, फुकटचा हात मिळाला म्हणून बाई खूश असेल. रजा मागितली की डॉक्टर म्हणत, "घरच्यांना कसली रजा?" एकदा धीर करून नेमणुकीचं पत्र मागितलं, तर ते असे दुखावले की बघत राहावं. "ताई, बहिणीला कुणी नेमणुकीचं पत्र देतं का?" आणि मी, माझी मी, म्हणाले, "नाही नाही, दादा, सहज विचारलं."

मुलीच्या गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद फाडून मी त्यावर माझी लेबर रूम काढली. टेबल खिडकीच्या उजेडात. बाळाला ऊब मिळावी म्हणून बल्बचा कोपरा. अवजारं उकळायची जागा. आणि दारातून आत शिरल्याबरोबर हात धुवायचं बेसिन, कोपरानं उघडता येईल असा नळ. डॉक्टर म्हणाले, "वा, ताई!" तो कागद त्यांनी खिशात ठेवला. त्या 'वा'वर मी पाडव्यापर्यंत जगले.

गुढीपाडव्याला इंदापूरचा दवाखाना सुरू झाला. नारळ फुटला, पेढे वाटले. मी धावत आतल्या खोलीशी गेले. दारावर सुरेख अक्षरात रंगवलेलं: प्रसूती कक्ष. दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं. आत काळ्या नळ्यांची वेटोळी, जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत. डॉक्टरांनी दवाखान्याबरोबर डाळिंबाची बागही घेतली होती, आणि बागेला ठिबक बसवायचं होतं. नळ्यांच्या मागं फवारणीच्या औषधाचे डबे. वास असा की गरोदर बाईनं दारातच ओकावं.

"आठ दिवसांत हलवतो, ताई."

वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत बागेचा मुकादम राहायला आला होता. हाताखालच्या दोन नर्स म्हणजे झाडझूड करणारी एक मावशी, तीही निम्मा दिवस. मग काय, बारामतीहून इंदापूर एसटीनं दीड तास, परत दीड तास, आणि मधे मी केसपेपर फाडायची, इंजेक्शनं टोचायची, पट्ट्या बांधायची. इनचार्ज! कुणाची इनचार्ज होते मी, नळ्यांची?

पुढच्या भाऊबीजेला मी पुन्हा ओवाळलं. हो, पुन्हा. हसा. तेव्हा ताटात पडलं ते असं: "बागेचा बहार एकदा धरू द्या, ताई, की खोली रिकामी." आणि मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, की डाळिंबाला बहार यायचाय, म्हणून थांबलंय. त्यांनी हातातली भाकरी थापायची थांबवली, माझ्याकडं नीट बघितलं आणि परत थापायला लागल्या.

आणखी एक वर्ष असंच गेलं. मग एका दुपारी भिगवणकडून एक जीप आली. आत कळा देणारी पोर, पहिलटकरीण, आणि तिची आई. आई भिगवणात मासळी विकायची. रस्त्यावरून जाताना पाटी दिसली म्हणून त्यांनी जीप आत घातली होती. पोरीची वेळ इतकी भरलेली की पुढं पाठवायची सोय नव्हती. डॉक्टर त्या दिवशी बारामतीत. मी तिला तपासणीच्या अरुंद टेबलावर घेतलं. मावशीनं आणि पोरीच्या आईनं दोन लुगडी धरून आडोसा केला. लुगड्याच्या पलीकडं बाकावर खोकला-तापाचे गडी बसलेले, त्यांतला एक मोठ्यानं विचारत होता, "अजून किती येळ हाय वो?" बादलीतल्या पाण्यानं हात धुऊन मी ते बाळंतपण केलं. दोघंही सुखरूप. मुलगी झाली, आवाज खणखणीत.

सगळं आवरल्यावर ती आई लेबर रूमच्या दाराशी गेली. दार जेवढं उघडत होतं तेवढं उघडून तिनं आत डोकावलं. मग माझ्याकडं वळून, बाजारात गिऱ्हाइकाला हाणतात त्या आवाजात म्हणाली, "बाई, ही पाटी कशापायी लावलीया मग? नळ्या बाळात व्हत्यात का हितं?"

बाकावरचे सगळे हसले. मला मात्र कानशिलं पेटल्यासारखं झालं. राग तिचा नव्हता. त्या पाटीखाली पांढरे कपडे घालून रोज मी उभी राहायची. पाटीला खरेपणा होता तो माझ्यामुळं. डॉक्टरांनी मला फसवलं हे एक वेळ माझं मी पोटात घातलं असतं. पण माझं तोंड दाखवून ते गावोगावच्या बायकांना फसवत होते, आणि मी टोपीला पिना लावून त्यात हातभार लावत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा मी पेशंटांच्या देखतच म्हटलं, "दादा, एक तर खोली द्या, नाही तर पाटी पुसा."

"ताई, घरच्या माणसानं चारचौघांत असं बोलायचं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "बरं, महिना संपायच्या आत उद्घाटन. फीत तुमच्याच हातून." आणि कॅलेंडरवरच्या एका गुरुवारी त्यांनी गोल केला.

त्याच आठवड्यात घरी पत्र आलं. पुन्हा सरकारी मुलाखत, पुन्हा पुणे. वयाच्या अटीत बसायची माझी ही शेवटची खेप. आणि वार? तोच गुरुवार.

तुम्ही म्हणाल, यात ठरवायचं काय होतं? थांबा. या खेपेला नळ्या खरंच हलल्या. मी एसटीतून उतरले तर ट्रॉलीत वेटोळी चढवत होते. दोन दिवसांनी भिंतींना पांढरा रंग. पुढच्या आठवड्यात टेबल आलं, नवंकोरं. मी परत हुरळले. सरकारी नोकरीत कुठल्या आडगावी टाकतील देव जाणे. इथं माझी खोली, मी काढलेल्या नकाशाची. शिवाय खरं कारण वेगळंच होतं, ते आज सांगायला हरकत नाही. सबंध आळीत मी 'माझी लेबर रूम, माझी लेबर रूम' म्हणून दवंडी पिटली होती. सोडून जायचं म्हणजे आपण उल्लू बनलो हे कबूल करायचं. उल्लू बनण्यापेक्षा ते कबूल करणं मला जड जात होतं.

सासूबाई म्हणाल्या, "लोकं काय म्हनत्याल म्हनून ऱ्हातीस का? लोकं दोन दिस हसत्याल. तू जलमभर एसटीत बसशील."

नवरा म्हणाला, "तू जाऊन खोली बघ. मग ठरव." कारखान्यातला माणूस. यंत्र चालतं का ते चालवून बघितल्याशिवाय त्याला पटत नाही.

बुधवारी गेले. दारावर झेंडूचं तोरण चढत होतं. आत सगळं माझ्या कागदाबरहुकूम. टेबल उजेडात. बल्ब कोपऱ्यात. दाराशी बेसिन, आणि त्यावर लांब दांडीचा, कोपरानं उघडायचा चकचकीत नळ. मी हरखले. नर्सची पहिली सवय, आधी हात. कोपरानं दांडी ढकलली. काही नाही. परत ढकलली. खाली वाकून बघितलं, तर नळ नुसता भिंतीत बसवलेला. त्याच्या मागं पाणी आणणारा पाइपच नव्हता. बेसिनच्या खालीही काही नव्हतं. ओतलं असतं तर पाणी थेट माझ्या पायावर पडलं असतं.

अहो, दोन वर्षं त्या खोलीत नळ्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. आणि बाळंतिणीला हात लावण्याआधी हात धुवायला चार हात नळी यांना सापडली नाही!

डॉक्टर मागून आले. "पाण्याची लाइन पुढच्या आठवड्यात, ताई. उद्या फोटोत छान दिसेल."

माझं त्या क्षणी ठरलं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी उद्या पुण्याला मुलाखतीला चाललेय. आणि परवापासून इथं येणार नाही." तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना दादा म्हटलं नाही.

ते हसले. मग हसायचे थांबले. "अनुभवाचा दाखला कोण देतं ते बघतो."

मुलाखत झाली. निवडही झाली. पत्रात अट घातलेली: पंधरा दिवसांत अनुभवाचा दाखला आणा, नाही तर जागा दुसऱ्याला. मी बारामतीच्या दवाखान्यात अर्ज दिला. दोनदा हेलपाटा घातला. तिसऱ्यांदा कंपाउंडर बाहेर आला. बिचारा माझ्या नजरेला नजर देत नव्हता. म्हणाला, "सर म्हणतात, अशा कुणी बाई इथं नोकरीला नव्हत्याच. त्या घरच्या म्हणून येत होत्या."

तीन वर्षांचा घाम, तीन वर्षांची बाळंतपणं, आणि कागदावर मी म्हणजे चकल्या पाडायला आलेली पाहुणी. मी रस्त्यातून मोठमोठ्यानं बडबडत घरी आले. लोक वळून बघत होते. बघू देत, म्हटलं.

मुदतीला तीन दिवस उरले असताना दुपारी आमच्या दारात रिक्षा थांबली. वहिनी उतरल्या, एकट्याच. त्या आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या. मी दारातच कंबरेवर हात ठेवून उभी. म्हटलं, आता ही आणखी काय निरोप घेऊन आली? त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. दवाखान्याच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, हुद्दा 'स्टाफ नर्स'. अक्षर वहिनींचं.

"सही त्यांचीच आहे," त्या म्हणाल्या. "सिक सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यात मधे सरकवला होता. वाचत नाहीत ते."

मी म्हटलं, "बसा ना, वहिनी, चहा टाकते." बसल्या नाहीत. रिक्षा थांबवून ठेवली होती. मी विचारलं, "घरी कळलं तर?" त्यावर त्या उंबऱ्याबाहेर चप्पल पायात सरकवत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या ते जसंच्या तसं:

"माझं फार्मसी झालंय, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. लग्न ठरवताना मला मेडिकलचं दुकान काढून देतो म्हणाले होते. आता ते तुम्हाला परत बोलावतील. फार गोड बोलावतात. येऊ नका."