सरका जरासं, जागा शे

टपावर चिमट्याने दोनदा टकटक केल्याशिवाय आबांची गाडी सुटत नसे. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त होताना तिकिटाला भोक पाडायचा चिमटा जमा करायचा असतो. आबांचा म्हणे हरवला. तो हरवलेला चिमटा खिडकीबाहेर काढून ते टपावर वाजवायचे आणि मग स्वतःच गाडी चालू करायचे.

गाडी जुनी, पण ऐसपैस. पुढेसुद्धा सलग बाकडं. धुळ्यातल्या आमच्या गल्लीतली ती पहिली मोटार. किती जण बसतील असं विचारलं की आबा बिघडायचे. "मोजू नको. सरका जरासं, जागा शे. बठ्ठा मावतीन." सगळे मावावेत म्हणून एकाने पुढे सरकून बसायचं, शेजारच्याने मागे टेकायचं, असा त्यांचा कायदा होता. चढावर उतरून ढकलायचं कामही अर्थात आमच्याकडेच.

दोंडाईच्याला एका साखरपुड्याला आम्ही असेच गेलो. 'एकच गाडी येतेय' असा निरोप गेला होता, म्हणून यजमानांनी हिशेबाने पाच पाट मांडले. गाडीतून अकरा जण उतरले. सहावा उतरल्यावर यजमानीणबाई पिठाच्या डब्याकडे धावल्या.

ओळखीत कुणी नवी गाडी घेतली की आबा पेढे खायला जात, तेही बांबूची काठी घेऊन. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर काठीचं एक टोक टेकवायचं, दुसरं पुढे कुठवर जातं ते बघायचं आणि मान हलवायची. "डबा शे भाऊ, डबा." आमच्या साहेबांची लांबलचक गाडीही नापास झाली. साहेब आठवडाभर माझ्यावर डाफरत होते. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच, म्हणून सांगतो.

एकदा मी चिडवलं, "आबा, ही काठी कुठल्या मापाची?"

"अक्काना पायनी," ते म्हणाले.

अक्का त्यांची थोरली बहीण, पिंपळनेरला दिलेली. पडून तिचा डावा गुडघा कायमचा ताठ झाला होता; काठी त्याच पायाच्या मापाची. एसटीच्या दोन बाकांमध्ये तो पाय मावत नसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्या लेकी माहेरी येत, कडुनिंबाला झोके बांधले जात आणि जगाला जागा करून देणाऱ्या कंडक्टरची बहीण सासरीच बसे. ती मोठी गाडी त्यासाठी घेतलेली होती. बाकी आम्ही सारे फुकटे होतो. मला माझीच लाज वाटली.

पुढे एका आखाजीच्या तोंडावरच त्या गाडीचं इंजिन बसलं. आबांच्या मुलाने छोटी नवी गाडी आणली. ही गल्लीत वळते, पेट्रोल कमी पिते, मागचं दार उघडलं की गव्हाचं पोतं सरळ आत, असं त्याचं कौतुक चाललेलं. आबांनी काठी लावली. जागा वीतभर कमी पडली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाना घेऊन गाडीत शिरले आणि कोऱ्या गाडीची पुढची डावी सीट ओट्यावर आली. मुलगा कपाळाला हात लावून त्याच सीटवर बसला.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी साक्रीच्या स्टँडवर उभा होतो. छोटी गाडी समोर थांबली. मागे अक्का उशीला टेकून तिरप्या बसलेल्या, पाय पुढे, काढलेल्या सीटच्या जागेत लांबच लांब सोडलेला. मी दाराला हात घातला.

"जागा नही, भाऊ," आबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि केवढ्या ऐटीत! मी एसटीने आलो, आनंदाने आलो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आबा गेले. पुढच्या आखाजीला मुलाने तीच सीट काढून अक्कांना आणलं. परत निघताना सारी गल्ली दारात आली होती. मुलाने गाडी चालू केली, तशी अक्कांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब. टकटक कोन करी?"

मुलाने कप्प्यातला चिमटा काढून माझ्या हातात दिला. मी टपावर दोनदा वाजवला, आणि गाडी निघाली.