दारापर्यंतचे बूट

बाबांच्या पायाची जखम भरत होती, म्हणून तर जास्त राग येतो. भरतच नसती तर नशिबाला दोष देऊन मोकळी झाले असते.

शुगर जुनी, तळपायाला काही कळत नाही. बुटात खडा गेला, दिवसभर टोचत राहिला आणि या गृहस्थांना पत्ता नाही. करंगळीखाली रुपयाएवढी जखम झाली तेव्हा शेजाऱ्यांनी फोन केला, आणि मी कोथरूडहून विश्रांतवाडीला गाडी दामटत गेले. दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं बाबांचंच रक्त काढलं, यंत्रात फिरवलं आणि त्यातून निघालेलं पिवळसर जेल जखमेवर लावून पट्टी बांधली.

"काका, भरायचं काम तुमचं शरीरच करणार आहे. आम्ही त्याला फक्त हात देतोय," ती म्हणाली. "तुम्ही त्या जागेवर भार द्यायचा नाही. चालायचं तर या बुटातच. हाडापर्यंत गेलं तर अर्धं पाऊल काढावं लागेल."

हा बूट म्हणजे जाड तळव्याचा, पट्ट्यापट्ट्यांचा, बोटं उघडी टाकणारा राखाडी प्रकार.

मी रोज ऑफिस सुटलं की जायची. कडेनं गुलाबी कातडी धरत होती. रुपयाची तूरडाळ झाली. माणूस स्वतःच्याच रक्तानं भरून येतो हे बघून मला, कधी नव्हे ते, बरं वाटायला लागलं होतं.

मग पौर्णिमा आली. संध्याकाळी गेले तर बाबा खुर्चीत. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि उजवा मोजा लाल. कारखान्यातून रिटायर होताना घेतलेले काळे बूट दाराशी, चकचकीत. दोन गल्ल्या चालत विहारात गेले होते, वंदना होईपर्यंत उभे राहिले होते, आणि चालतच परत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाला दाखवायचे होते बूट? विहाराच्या दारात काढावेच लागतात ना?"

"दारापर्यंत तर घालून गेलो," बाबा म्हणाले.

मी नाही नाही ते बोलले. "पाय गेला की एकच बूट घालून मिरवा," असंही म्हणाले. स्वतःच्या बापाला. लिहितानाही लाज वाटते, पण म्हणाले.

ते मोजा सोडवत बसले. मग म्हणाले, "माझा बाप वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्यायचा. मी पण धरल्यात त्याच्या चपला. असलं उघड्या बोटांचं घालून मी चारचौघांत जाणार नाही."

गाव सोडून त्यांना जन्म लोटला. नोकरी झाली, घर झालं, रोज सकाळी बुटाला पॉलिश झालं, आणि ते गाव अजून पायाशी बसून पाऊल मागतंय. त्या आळीतला एखादा समोर सापडला असता तर त्याचं काय केलं असतं, सांगता येत नाही. सापडले ते बाबा, म्हणून त्यांच्यावर ओरडले. मग डॉक्टरवर चिडले. रक्तातलं सगळं कळतं हिला, पण हा माणूस काय घालून कुठं जातो, एवढं विचारलं नाही. मी तरी कुठं विचारलं होतं?

हाड थोडक्यात वाचलं होतं. या वेळी डॉक्टरनं काढताच येणार नाही असं प्लास्टर गुडघ्यापर्यंत घातलं. पांढरंफेक. म्हणाली, "काका, आता शेवटची संधी."

पुढची पौर्णिमा रविवारी होती. मी भांडायच्या तयारीनंच पोचले. बाबा वर्तमानपत्र पसरून खाली बसले होते, शेजारी पॉलिशची डबी. प्लास्टर घोट्यापर्यंत काळं कुळकुळीत केलं होतं.

"टाचेकडं हात पोचत नाही," माझ्याकडं न बघता ते म्हणाले.

माझा राग गेला नव्हता. आजही गेलेला नाही. पण मी खाली बसले, ब्रश घेतला आणि टाच काळी केली. मग रिक्षा बोलावली.

जखम पुढे दीड महिन्यात भरली, पाय वाचला. पण त्या दिवशी विहाराच्या दारात बाबांनी डावा बूट काढला, उजवा तसाच ठेवला आणि मान ताठ करून आत गेले.