किल्ल्या मुठीत धरणारा माणूस

आमच्या विद्यापीठाच्या लहानशा अमेरिकन गावात पाहण्यासारखं म्हणजे नदीवरचा जुना पूल आणि कॅथेड्रल. कॅथेड्रलचा म्हातारा रखवालदार चालताना किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरायचा. आवाज झालेला त्याला खपत नसे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने दारातच बूट काढले. बाहेर बर्फ होतं. कॅमेऱ्यात रोल भरणारं एक जोडपं हसलं. "बीचवर आलाय वाटतं!"

माझे कान तापले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आपल्याला इथलं काहीच कळत नाही, हे कुणाला दिसेल याची मला सतत धास्ती असे. मी घाईने बूट चढवायला वाकलो.

"सावकाश, मित्रा," म्हणत रखवालदाराने माझे बूट उचलून स्वतःच्या टेबलाखाली ठेवले. मग त्या जोडप्याकडे वळला. "इथे हळू बोलतात."

पुढच्या शनिवारी दाराशी गालिच्याचा एक तुकडा अंथरलेला होता.

"फरशी गार असते," तो एवढंच म्हणाला.

पुढची दोन वर्षं मी तिथे मोज्यांवरच फिरलो. माझ्या पावलांचा आवाज होत नाही, याचं त्याला फार कौतुक होतं.