खाटेवरचे पाहुणे

फोरमनच्या घरात एक खाट रिकामी होती आणि तिच्यावर कुणी बसलेलं त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, खपत नसे. नेमक्या त्याच खाटेवर फोरमननी एके दिवशी सैन्याच्या आगीच्या जुन्या बंबाचे तेलकट सुटे भाग आणून मांडले. मग घरात जे व्हायचं ते झालं. काकूंनी आधी तोंड सोडलं आणि मग बोलणंच सोडलं. पण बाकी घरात जागा नव्हती, आणि शेडमध्ये ठेवलं तर ओळखीच्या लोखंडात हे मिसळून जाईल अशी फोरमनना धास्ती.

"हे पाहुणे आहेत," ते म्हणाले. "ओळख पटली की जातील आपापल्या घरी."

"पाहुण्यांचे पाय तरी पुसून आणायचेत," काकू म्हणाल्या, आणि भांडण मिटलं.

फोरमन म्हणजे बस डेपोतून निवृत्त झालेले फोरमन. गल्ली त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखतच नाही. उभी हयात बसखाली आडवं पडून काढलेली. इंजिन नुसतं खाकरलं तरी दुखणं सांगणारा माणूस. त्यामुळे बंब दारात आला तेव्हा त्यांचा तोरा काही विचारू नका. चाकं आणि इंजिन, त्यात काय मोठंसं! बंबानं तो तोरा चांगला उतरवला. हेडलाइटवर लोखंडी टोपी होती आणि तिला उजेडासाठी फक्त एक चीर. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा होता, तो ओढला की चाकं सोडून भलतंच काहीतरी फिरे. सायलेन्सरला मध्येच एक फाटा फुटलेला, तो कुठे जातो हे बघायला फोरमन पोटावर सरपटले. बसमध्ये असलं काही नसतं.

मग त्यांनी शिस्त लावली. ज्याचं काम कळलं नाही ते फेकायचं नाही आणि घाईनं बसवायचंही नाही. खाटेवर ठेवायचं, जाता-येता बघायचं, हातात घेऊन फिरवायचं. चिरेची टोपी वरून जाणाऱ्या विमानाला उजेड दिसू नये म्हणून, हे त्यांना जेवताना सुचलं आणि ते ताटावरून तसेच उठले. आखूड दांडा इंजिनाची ताकद पंपाला देणारा निघाला. सायलेन्सरचा फाटा धुराच्या जोरावर नळीतली हवा ओढून घेतो, म्हणजे विहिरीतलं पाणी वर चढतं, हे उमगलं तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. एकेक पाहुणा घरी जाऊ लागला.

हा सगळा खटाटोप कशासाठी ते गल्लीला माहीत होतं, पण तोंडावर कुणी विषय काढत नसे. ही गाडी त्यांची मुलगी चालवायची.

मुलगी एकुलती एक, अंगानं काकूंवर गेलेली, म्हणजे बुटकी. घरात नावच बुटकी पडलं. लहानपणापासून बापाच्या मागे मागे शेडमध्ये. वेल्डिंगही तिला फोरमननीच शिकवलं. पण सैन्याच्या अग्निशमन तुकडीत ड्रायव्हर म्हणून निघाली तेव्हा बापाचं डोकं फिरलं. "अगं बुटके, क्लचला पाय तरी पोचणार आहे का तुझा?" असं भर गल्लीत म्हणाले. ती गेली. सुटीवर यायची, जेवायची, हसायची. पण गाडी कशी आहे, हे फोरमननी तिला एकदाही विचारलं नाही. रस्त्यातल्या परक्या गाडीचीसुद्धा चौकशी करणारा हा माणूस! मग छावणीतल्या एका गोदामाला आग लागली. ती नळी घेऊन आत गेली आणि छप्पर खाली आलं. बंब बाहेर चालूच होता.

पुढे तो मोडीत निघून भंगारात आला, आणि फोरमननी भंगारवाल्याच्या दारात ठाण मांडून तो मिळवला. एकच धरून बसले होते. तिनं चालवली तशीच्या तशी ती गाडी एकदा चालू करायची आणि तिच्या जागेवर बसायचं. तिला जे विचारलं नाही ते आता गाडीला विचारायचं होतं, म्हणा हवं तर.

आता पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

क्लचच्या पेडलवर एक लोखंडी ठोकळा वेल्ड केलेला होता, वर रबर चिकटवलेलं. ते काही कंपनीचं नव्हतं. आणि जे कंपनीचं नाही ते काढायचं, हा डेपोतला नियम फोरमनच्या हाडीमाशी भिनलेला. ड्रायव्हर लोक वाट्टेल ते जोडून ठेवतात आणि निस्तरावं लागतं मेकॅनिकला. इतक्या अनोळखी लोखंडाला खाट मिळाली, ह्या तुकड्याला नाही मिळाली, कारण तो अनोळखी आहे असं त्यांना वाटलंच नाही. "जुगाड," म्हणाले आणि ग्राइंडर लावला. कापता कापता वेल्डिंगकडे लक्ष गेलं. सांधा एकसारखा होता, आणि टोकाला तडा जाऊ नये म्हणून शेवटी हात किंचित मागे आणून थांबवलेला. "हात चांगला आहे हं कुणाचातरी," ते स्वतःशीच म्हणाले, अगदी मनापासून. तुकडा भंगाराच्या डब्यात गेला. पेडल त्यांनी घासून असं गुळगुळीत केलं, की तिथे कधी काही होतं हे सांगूनही पटलं नसतं.

शेवटी खाटेवर पितळेची एक बारीक तोटी तेवढी उरली. तिचं घर काही सापडेना. तेव्हा फोरमननी मुलीच्या तुकडीतल्या पंपवाल्याला बोलावून घेतलं. तिच्याच गाडीवर तो पंप सांभाळायचा. त्यानं तोटी हातात घेतली आणि लगेच सांगितलं, "ही पंपाच्या पोटाखाली लागते, काका. काम झालं की उरलेलं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर थंडीत गोठून पंप फुटतो." फोरमन खूश झाले. तोटी बसवली. पंपवाला गाडी चालू करून दाखवायला वर चढला, क्लचवर पाय ठेवला आणि थबकला.

"काका, इथला तुकडा?"

"तो ठोकळा? कुणीतरी जुगाड करून ठेवलं होतं. काढला मी."

पंपवाल्यानं वाकून गुळगुळीत पेडलवर हात फिरवला.

"तिनं बसवला होता तो," तो म्हणाला. "पाय पुरत नव्हता तिचा. वर्कशॉपवाले करून देत होते, तर म्हणाली, नको, माझं मी करते. बाबांना एकदा दाखवायचंय म्हणायची. आधी काही सांगणार नव्हती. हात बघूनच ओळखतील म्हणाली."

फोरमन तसेच भंगारवाल्याकडे गेले. डब्यातला माल त्याच्याकडून केव्हाच भट्टीला गेला होता. तरी त्यानं बिचाऱ्यानं ढिगारा उपसू दिला. फोरमननी तो उपसला, हात कापून घेतले, आणि रिकामे परत आले.

घरी काकूंना त्यांनी काही हातचं न राखता सांगितलं. "तिचा हात होता तो. मीच शिकवलेला. डोळ्यांसमोर होता आणि मला ओळखू आला नाही."

काकूंनी समजूत घातली नाही. "नटबोल्टसुद्धा दाखवलेत मला," त्या म्हणाल्या. "तेवढंच नाही दाखवलंत." मग त्या रडल्या. फोरमनही रडले. मुलगी गेली तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते.

सकाळी फोरमन नवा ठोकळा करायला बसले. पण केवढा करायचा? कापून टाकायच्या वस्तूचं माप कोण घेतो! लोखंडाचे तुकडे पुढ्यात घेऊन ते नुसते बसून राहिले. काकू शेडमध्ये आल्या आणि कधी नव्हे त्या बंबाच्या पायरीवर चढल्या.

"तिची उंची माझ्याएवढीच होती ना? घ्या माप."

त्या ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. पाय पेडलपासून लांब अधांतरी राहिला. फोरमन खाली गुडघ्यांवर बसून पेडलवर एकावर एक लाकडी पट्ट्या ठेवत गेले. "अजून," काकू म्हणायच्या. "अजून थोडं." मग त्यांचा तळपाय टेकला आणि क्लच खाली गेला.

"झालं. उतर आता. वेल्ड करून टाकतो."

काकू उतरल्या नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोर बघत होत्या. "नका करू," त्या हळूच म्हणाल्या. "तिथे तिचा हात होता. तुमचा नको."

फोरमननी मान हलवली. पट्ट्या नुसत्याच रचलेल्या होत्या, सोडल्या असत्या तर घसरल्या असत्या. फोरमन त्या पट्ट्या हातांनी धरून राहिले, आणि काकूंनी पाय काढला नाही.