आकाच्या घरची केरसुणी

कामवाली बाई यायच्या आत आका सगळं घर झाडून, लादी पुसून, हातपाय धुऊन तयार असायची. मग बाईला पगार कशाचा द्यायचा, असं विचारलं की माझ्यावरच डोळे वटारायची. "परक्या बाईक आपलो केर दाखवूचो? लाज नाय वाटाची?"

आका ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. घाटकोपरला, डोंगराच्या बाजूच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. यजमान गेले आणि पाठोपाठ तिच्या छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी वाकायला साफ मनाई केली. केर नाही, लादी नाही, बादली उचलणं नाही. तिचा मुलगा मधू बोरिवलीला राहायचा. त्याने सरळ सांगून टाकलं, "आये, दिवाळीपर्यंत एक तरी बाई टिकव. नाही टिकली तर खोलीला कुलूप लावतो आणि तुला घेऊन जातो." मधू काही वाईट नव्हता, घाबरला होता. पण आकाला खोली सोडायची नव्हती. "थंय मी पावणी गो," ती म्हणायची. "हंय माजा घर आसा."

मी दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, त्यामुळे बाई शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. भाजीवालीला सांग, नळावर सांग, शेजारणीच्या बाईला गूळ लाव, असं करत मी एकेक बाई मिळवायचे आणि आका ती घालवायची. पहिली आठवड्यात काम सोडून गेली. मी जाब विचारला तर म्हणाली, "ताई, घर आधीच झालेलं असतं आणि म्हातारी दारात घामाघूम उभी. उद्या काही झालं तर लोक मलाच धरतील ना?" दुसरी चांगली रुळली म्हणून मी खुशीत होते. एकदा अवचित गेले, तर बाई पाटावर बसून बशीतून चहा पितेय आणि मोरीत आका भांडी घासतेय! मी दोघींवर इतकी ओरडले की ती बाई परत आलीच नाही.

गिरणीचा संप लांबला आणि यजमान घरी बसले, तेव्हा आकाने स्टेशनपलीकडच्या इमारतींत केरलादी धरली होती. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी उच्चार करत नसे. आका मात्र चिडली की स्वतःच बोलायची. "शेठाणी पलंगार पाय वर घेऊन बसायची. खाली मी. आता मी वर बसू आणि दुसऱ्या बाईक खाली वाकवू? तां माका जमाचा नाय." मला ते पटायचं. पण डॉक्टर आणि मधू यांना हे कोण समजावणार!

अंधेरीला ऑफिस गाठायच्या आधी मी रोज तिच्याकडे डोकावायचे. जिन्यातच कानोसा घ्यायचे. वरून केरसुणीचा खर्रखर्र आवाज यायचाच. आवाज चालू असला तर राग यायचा, आणि मध्येच थांबला तर मी दोनदोन पायऱ्या चढत सुटायचे.

गणपती उरकले आणि हौसा आली. डोंगरावरच्या झोपड्यांत राहायची. आवाज असा की तिने दारात हाक मारली की तळमजल्यावरची माणसं वर बघायची. पहिल्या दिवशी तिने जमिनीकडे पाहिलं. "आजे, ह्ये घर कुनी झाडलं?"

"वाऱ्यान," आका म्हणाली.

हौसाने झाडलेलं घर पुन्हा झाडलं, आणि खाटेखालून एक पांढरा केस काढून आकासमोर धरला. "वाऱ्याला म्हनावं, नीट झाड." आका दिवसभर धुमसत होती. मला मात्र वाटलं, ही टिकेल.

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी मी जिना चढत होते. वरून केरसुणीचा आवाज येत होता आणि तो एकदम थांबला. मी धावत वर गेले. आका खाटेला टेकून जमिनीवर बसली होती, चेहरा राखेसारखा, केरसुणी मुठीत घट्ट. माझ्या पुढेच जिना चढून गेलेली हौसा तिच्या जिभेखाली गोळी सरकवत होती. बऱ्याच वेळाने आकाला दम आला, तेव्हा पहिला शब्द निघाला, "मधूक सांगू नको."

सांगावं तर खोलीला कुलूप, न सांगावं तर उद्या पुन्हा हेच. माझं काही ठरेना. हौसाने तेवढ्यात आकाच्या मुठीतून केरसुणी सोडवली आणि काखेत मारली. "ही मी घरी नेते. रोज येताना आनीन."

आका त्या अवस्थेतही उसळली. "केरसुणी घराभायर? लक्ष्मी ती! दिवाळेक पुजतंव आमी तिका!"

"लक्ष्मी हाय म्हनूनच संबाळून ठेवते," हौसा म्हणाली आणि खरंच घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. घरात आदल्या दिवसाचा केर तसाच पडलेला, आणि आका त्याच्याकडे पाठ करून भिंतीशी ताठ उभी. हौसा आली, फडक्यात गुंडाळलेली केरसुणी सोडली, खाटेपाशी बसली आणि म्हणाली, "आजे, पाय वर घे."

आका हलेना. मला वाटलं, आता ही हौसाला हाकलणार आणि सगळं संपणार. हौसाही हलली नाही, केरसुणी टेकवून वाट बघत राहिली. शेवटी आका खाटेवर बसली, एक पाय वर घेतला, मग दुसरा. पदर तोंडावर ओढून ती हमसाहमशी रडायला लागली. मलाही रडू आलं. हौसा खाली मान घालून झाडत होती.

मधूला मी सांगितलं, पण हौसाला त्याच्यासमोर उभं करून. तिच्या केरसुणीची हकिगत ऐकून तो कितीतरी दिवसांनी हसला. कुलपाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. लक्ष्मीपूजनाला हौसा केरसुणी घेऊन आली. आकाने तिला हळदकुंकू वाहिलं, मग हौसालाही लावलं. दुसऱ्या दिवशी केरसुणी पुन्हा डोंगरावर गेली, तरी हौसा यायच्या आत आका खाटेवरून हाताला येईल तेवढा केर वेचून ठेवायचीच.

आका गेली ती पुढच्या उन्हाळ्यात, झोपेत, स्वतःच्या खोलीत. पुरुषमंडळी तिला घेऊन गेली आणि खोलीत आम्ही बायका उरलो. जमिनीवर फुलं, तुळशीची पानं, गुलाल, चाळभर माणसांच्या पायांची माती. माणूस नेलं की घर झाडायचं असतं, म्हणून कुणीतरी केरसुणी शोधायला उठलं. मोरीत पाहिलं, दारामागे पाहिलं. मी सांगणार, तेवढ्यात हौसा दारात दिसली. हातात ते फडकं होतं.

मी आकाच्या खाटेवर बसले होते, तिथूनच केरसुणी घ्यायला हात पुढे केला. तिने दिली नाही. उंबऱ्यात उभी राहून ती खोलीभर पसरलेला तो केर बघत राहिली. तिचा तो मोठा आवाज त्या दिवशी जेमतेम माझ्यापर्यंत पोचला.

"आज पयल्यांदा आजीनं मला पुरतं काम ठेवलं."

मग ती आकाच्या खाटेपाशी वाकली आणि म्हणाली, "ताई, पाय वर घ्या."

मी पाय वर घेतले.