अर्धा तास पुढे

राठोड सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचीच वाट पाहत होतो. चारला चहाला बोलावलं की साडेतीनलाच दारात हजर, ही त्यांची गेल्या दोन वर्षांतली रीत. त्या दिवशी पावणेचार झाले तरी पत्ता नाही... दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, असं त्यांच्या सुनेनं, कविताबाईंनी, सांगितलं.

फुलसावंगीच्या शाळेत आम्ही एकोणीस वर्षं सोबत होतो. मी मराठी शिकवायचो, ते भूगोल. जवळच्याच तांड्यातले. आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घालणारे, आणि हे स्वतः नांदेडच्या पलीकडे न गेलेले. नकाशावर मात्र कुठलीही वाट तोंडपाठ. वर्गातल्या जुन्या नकाशावर ‘फ्रुंझे’ छापलेलं होतं. रशिया फुटला, शहराचं नाव बदललं, तेव्हा सरांनी त्यावर चिठ्ठी डकवली: बिश्केक. तेच शहर पुढे त्यांच्या घरात शिरलं. नात पूनम डॉक्टरकी शिकायला तिथं जाते म्हणाली आणि कविताबाईंनी पोरीशी बोलणंच टाकलं. मी तेव्हा तिथंच बसलो होतो. सरांनी सुनेसमोर घरचा नकाशा पसरला.

“नगरहून नाकासमोर उत्तरेले जाय, की बिश्केक. दक्षिणेले बर्फाचे डोंगर, त्याचंच पाणी रस्त्याच्या कडेनं पाटातून वाहते, झाडंच झाडं. भेते काहून तू?”

“अन् मले तिची याद आली तर?”

सरांनी नकाशा गुंडाळून ठेवला. पूनम गेली.

सरांना एकच गोष्ट खटकायची. ते शहर आपल्यापेक्षा जरा पश्चिमेला, म्हणजे सूर्य आधी आपल्या डोक्यावर येतो. तरी घड्याळ तिथलंच अर्धा तास पुढे. हा कुठला भूगोल, म्हणून चिडायचे. त्याच सुमारास ते सगळीकडे लवकर पोचू लागले. म्हातारपणी वेळ जात नाही वाटतं, असं मी चारचौघांत छेडायचो. ते हसून सोडून द्यायचे.

पूनमला अंत्यविधीला पोचता आलं नाही. तेरवी झाल्यावर कविताबाईंनी सरांचं मनगटी घड्याळ माझ्या हाती दिलं.

“काकाजी, मामाजीचं घड्याळ अर्धा तास पुढं चालून राह्यलं. दुरुस्त करून आणता का?”

दुकानदारानं ते उघडून पाहिलं आणि म्हणाला, यात बिघाड काहीच नाही. भिंतीवर पावणेपाच वाजले होते. मनात काही आलं म्हणून मी तिथूनच पूनमला फोन लावला, तुझ्याकडे किती वाजले विचारलं. सव्वापाच, ती म्हणाली. हातातल्या घड्याळातही सव्वापाचच होते... दोन वर्षं मी त्या माणसाला ज्यावरून चिडवलं, ते हे होतं. मला स्वतःची लाज वाटली.

काटे मी हलवू दिले नाहीत. घड्याळ कविताबाईंना परत दिलं आणि जे कळलं ते सांगितलं. त्यांनी ते स्वतःच्या मनगटावर बांधलं.

गेल्या रविवारी आम्ही त्यांना चारला चहाला बोलावलं होतं. साडेतीनला दार वाजलं.