डबा बंद पडला की प्रेमदास येतो

एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला घंटीची एक शिस्त असते. एकदा वाजली की गाडी थांबवायची, दोनदा वाजली की सोडायची. उगाच कोणी दोरी ओढली तर मी भर गाडीत त्याची खरडपट्टी काढायचो, मग तो सरपंच असो की नवरदेव. अशा माणसाने निवृत्त व्हावं, दुपारची झोप हा एकच शौक ठेवावा आणि नेमका दिवसभर भोंगा वाजवणारा भाडेकरू त्याच्या डोक्यावर येऊन बसावा, याला नशीब म्हणतात.

भाडेकरू म्हणजे रामप्रसादची इंटरनेटची कंपनी. कंपनी म्हणायची एवढंच. हिंगोलीतल्या माझ्या घराच्या माडीवर दोन टेबलं, भिंतीवर एक मोठा पडदा आणि पडद्यासमोर प्रेमदास राठोड. औंढा, जवळा बाजार आणि आजूबाजूच्या खेड्यांना तारेतून इंटरनेट पुरवायचं, कुठं बंद पडलं तर तिकडं धावायचं, हे काम. रामप्रसाद मालक असल्यामुळे संध्याकाळी एक चक्कर टाकायचा आणि बाकी सगळं प्रेमदासनं करायचं.

पोरगं गुणी. काटक, हसतमुख, खांबावर असा चढायचा की खालून बघणाऱ्यानं डोळेच मिटून घ्यावेत. जवळा बाजाराकडच्या एका तांड्यावरचा. वडील लहानपणीच गेलेले, आई रुख्मिणीबाई तांड्यावर एकटी. हा इथं हिंगोलीत खोली करून राहायचा आणि मला काका म्हणायचा. त्याच्यात दोष असा एकच, भोंगा.

त्या भोंग्याचं कूळ मी एकदा वर जाऊन समजून घेतलं. प्रत्येक गावात कंपनीचा एक डबा असतो, कोणाच्या तरी घरात फळीवर ठेवलेला आणि त्याच घराच्या लाईटवर चालणारा. पडद्यावर प्रत्येक डब्याचा एक ठिपका. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बंद. पडद्यामागचं सॉफ्टवेअर सारखं एकेका डब्याला हाक मारतं, आणि एका हाकेला जरी ओ आली नाही तरी भोंगा वाजवतं, प्रेमदासला मेसेज करतं आणि रामप्रसादच्या फोनवर बोंब ठोकतं.

"हे असं कोणी ठरवलं?" मी विचारलं.

"कोणीच न्हाई, काका. डिफॉल्ट हाय. आपण काही सांगितलं न्हाई तर ते सोताच्या मनानं असंच करतं."

मला लगेच समजलं. आमच्या घरी चहात साखर किती, हेही डिफॉल्टच आहे. आमच्या सौभाग्यवती निर्मलाबाईंनी लग्नाच्या वर्षी ठरवलं, डॉक्टरने नको म्हटलं तरी ते बदललेलं नाही.

ते सॉफ्टवेअर अशा मुलखात बनलं असणार जिथं लाईट जात नाही. आमच्याकडे वारा सुटला की लाईट जाते, पाऊस दिसला की जाते, आणि यांपैकी काहीच झालं नाही तर दुरुस्तीसाठी जाते. शिवाय घरात मिक्सर लावायचा झाला की बाई डब्याची पिन काढून मिक्सरची लावते आणि चटणी झाल्यावर परत डब्याची लावायचं विसरते. प्रत्येक चटणीला माझ्या डोक्यावर भोंगा. यंत्राला किती ताप चढला की ओरडायचं हा आकडाही कोण्या थंड हवेच्या माणसाने ठरवलेला, त्यामुळे मे महिन्यात जिल्हाभरचे डबे तापानं फणफणल्याच्या बातम्या. रामप्रसादच्या टेबलावरच्या प्रिंटरची शाई कमी झाली तरी तोच भोंगा, आणि अख्खं औंढा बंद पडलं तरी तोच. रोज मरे त्याला कोण रडे. प्रेमदास अर्ध्या भोंग्यांकडे बघायचाही नाही.

एका ठिपक्याकडे मात्र तो न चुकता बघायचा. तो त्याच्या तांड्याचा. तांड्याचा डबा त्याच्याच घरात होता, रुख्मिणीबाईच्या चुलीच्या वरच्या फळीवर. आणि हा डबा काही केल्या सुधरत नव्हता. दर पंधरवड्याला, कधी त्याहून लवकर, सकाळच्या वेळी बंद पडायचा. प्रेमदास तांड्याच्या नाईकांना, लालसिंगांना, फोन करून विचारायचा की लाईट आहे का. नाईक म्हणायचे, "लाईट हाय, डबाच बंद हाय. तुलाच यावं लागंल." की निघाला हा मोटरसायकलवर. गेल्यावर बघावं तर डबा चालू. त्याने वायर बदलली, पिन बदलली, डबा बदलला, नवा डबाही बदलला. घरात काही सापडेना म्हणून खांबावरचं सगळं उस्तरून पाहिलं. तरी पंधरवडा झाला की डबा पुन्हा बंद.

होळीनंतर एकदा असाच डबा बंद पडला तेव्हा मीच म्हणालो, "मला ने तिकडे. माझी झोप मोडणारा हा डबा आहे तरी कसा, ते बघतो." तांड्यापाशी पोचल्यावर प्रेमदास घराआधीच्या खांबाला थांबला. मी पाणी प्यायला म्हणून पुढे घराकडे गेलो आणि दारातच थबकलो. रुख्मिणीबाई पाटावर उभी होती आणि तिचं बोट फळीखालच्या बटणावर होतं. मोटरसायकलचा आवाज ऐकून ती बटण चालू करत होती.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग पाटावरून उतरून पदर सारखा करत ती म्हणाली, "बसा दादा, पाणी देते."

"बाई, हे तुम्ही करता?"

"मंग काय करू? न्हाईतर येतो का तो?"

"फोन करावा की."

"फोन केला तर त्याला वाटंल आई बिमार पडली. घाबरून गाडी पळवंल. अन् काही झालं न्हाई, नुसतं तोंड बघायचं हाय, असं म्हणलं तर मालक सोडंल का? डबा बंद पडला तर त्याचं कामच हाय. कामानं आला की जेवून जातो. कोणाला तकलीफ न्हाई."

बिनतोड होतं. उभ्या आयुष्यात रजेचे इतके अर्ज पाहिले, इतकं पक्कं कारण एकातही नव्हतं. तिनं मला शपथ घातली की पोराला सांगायचं नाही, आणि मी कबूल झालो. बाहेर आलो तर लालसिंग नाईक ओट्यावर बसून खांबावरच्या प्रेमदासकडे बघत मिशीत हसत होते.

"तुम्हाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"समद्या तांड्याला ठाऊक हाय. इंटरनेट गेलं की पोरं म्हणतात, आज याडी पोराला बोलावून राहिली." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "कोणी तक्रार करत न्हाई. घटकाभर मोबाईल न्हाई बघितला तर काय जातंय?"

वर खांबावर प्रेमदास एकेक वायर हुंगल्यासारखी तपासत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मला हसू आवरेना, आणि बाईचा हेवाही वाटला. आमचा मुलगा पुण्याला असतो. त्याला बोलावायला आमच्याकडे बटण नाही.

मे महिन्यात रामप्रसादच्या मेव्हण्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालू असताना जवळा बाजाराकडे वावटळ उठली, तिकडची लाईट गेली आणि त्या पट्ट्यातल्या गावांनी एकामागून एक रामप्रसादच्या खिशात बोंब मारायला सुरुवात केली. सावधान म्हटलं की खिसा ओरडायचा. भटजी थांबले, नवरीला हसू फुटलं, सासऱ्यांनी जावयाकडे जे बघितलं ते रामप्रसाद अजून विसरलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो माडीवर आला.

"प्रेमदास, हे गप कर. न्हाईतर हा फोन मी हिरीत टाकून देतो."

प्रेमदास मान खाली घालून बसला आणि त्यानं सगळं मुळापासून लावलं. मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा त्यानं कौतुकानं दाखवलं. एका हाकेला ओ आली नाही तर ओरडायचं नाही, चार हाका मारायच्या. वरचं मोठं यंत्र बंद असेल तर त्याच्या खालच्या गावांनी गप्प बसायचं, बोलायचं ते मोठ्यानंच. ताप किती चढला की बोंब मारायची तो आकडा हिंगोलीच्या उन्हाला शोभेल असा. शाई संपली तर कोणालाच सांगायचं नाही. आणि घरच्या लाईटवर चालणारे जेवढे डबे, त्यांना एक नवा रंग, राखाडी. असा डबा बंद पडला तर लाईट गेली असेल असं समजायचं, ठिपका राखाडी करायचा आणि गुपचूप वाट बघायची. तक्रारीचा फोन आला तरच जायचं.

"अन् हे आता डिफॉल्ट केलं, काका. जुने, नवे, समद्या डब्यांना बराबर लागू."

त्या दुपारी मी असा झोपलो की निर्मलाबाई दोनदा येऊन श्वास चालू आहे का ते बघून गेल्या. पुढचे कितीतरी दिवस सुखाचे गेले. खरं सांगतो, त्या सुखात मला तांड्याची आठवणही झाली नाही.

मग एका दुपारी प्रेमदासला वर चिवडा द्यायला गेलो. पडदा हिरवागार. एका कोपऱ्यात तेवढा एक राखाडी ठिपका.

"हे कोणतं?"

"आमचा तांडा. काल सकाळपासून लाईट न्हाई वाटतं."

"फोन केलास?"

"काहून? लाईट आली की सोताच हिरवं होईल. तक्रार बी न्हाई कोणाची."

माझ्या हातातला चिवडा हातातच राहिला. तक्रार येणारच नव्हती. अख्खा तांडा समजून बसला होता की आज येईल, उद्या येईल. आणि ती बाई मोटरसायकलच्या आवाजाकडे कान लावून बसली असणार. शपथ मोडायची नव्हती, पण गप्प बसणंही जमेना. माझा आवाज चढला. "गाडी काढ."

"कुठं?"

"तांड्यावर. मला हवापालट करायचाय."

"एवढ्या उन्हात, काका?"

"काढ म्हणतो ना."

वाटेत तो दोनदा म्हणाला की लाईट आल्याशिवाय जाऊन उपयोग नाही. मी त्याला गाडी दामटायला सांगितलं. तांड्यात शिरलो तर नाईकांच्या घरात पंखा गरगर फिरत होता. प्रेमदासनं तो बघितला आणि गाडी हळू केली. "लाईट तर हाय," तो स्वतःशीच म्हणाला.

रुख्मिणीबाई उंबऱ्यात बसली होती. आवाज ऐकून या वेळी ती बटणाकडे धावली नाही. बसल्या जागेवरून तिनं पोराकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. प्रेमदास आत गेला, पाटावर चढला, फळीखाली हात घातला. बटण बंद होतं.

"आई, हे कोणी बंद केलं?"

"मीच." माझ्यासमोर ती मराठीतच बोलली. "काल गाय व्याली. चिकाचा खरवस केला. बटण बंद केलं अन् बसले. दिवसभर बसले. सांजच्याला लेकरांना वाटून दिला, नासला असता. आज दुसऱ्या धारेचा केलाय, तेवढा घट्ट न्हाई झाला." तिनं चुलीकडे हात केला. "मला वाटलं, आता डबा बंद पडला तरी तू येत न्हाईस."

प्रेमदासच्या तोंडावरचे रंग मी पाहिले. बदललेली वायर, बदललेल्या पिना, दोन नवे डबे, उन्हातला तो खांब, सगळं एकेक करून त्याच्या डोक्यात जुळत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी छपराच्या पत्र्याकडे बघत राहिलो. तो चिडेल असं मला वाटलं, पण तो चिडला नाही. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यानं घाईघाईनं बटण दाबलं. डब्यावरचे दिवे एकेक करून लागले. तांड्यात कुठंतरी एका मोबाईलमधून गाणं सुरू झालं.

रुख्मिणीबाई त्या दिव्यांकडे बघून म्हणाली, "झालं ना सुरू. मंग जाशील आता."

प्रेमदास पाटावर क्षणभर थांबला. मग त्यानं बटण परत बंद केलं, खाली उतरला आणि हात धुवायला रांजणाकडे गेला. गाणं मधेच तुटलं. थोड्या वेळानं लालसिंग नाईक दारात आले.

"काय रे, आत्ता आलं अन् लगेच गेलं?"

"फॉल्ट मोठा हाय, नाईकबा," प्रेमदास ताटावर बसत म्हणाला. "उद्या सकाळशिवाय निघायचा न्हाई."

नाईकांनी आधी त्याच्याकडे, मग रुख्मिणीबाईकडे बघितलं. "बराबर हाय. घाई करू नको," असं म्हणून ते ओसरीवर टेकले आणि थोडा खरवस आपल्यालाही वाढा म्हणाले.